नाव काढ

उत्तरपत्रिकेत आपलं नाव आहे हे आधी गिरजाच्या ध्यानातच आलं नाही. प्राचार्य शेखर सरांनी ती एका बोटाने टेबलाच्या काचेवरून तिच्याकडे फिरवली तेव्हा तिला दिसलं ते अक्षर. गोल, दाबून लिहिलेलं, प्रत्येक शब्दावरची रेघ शब्दापेक्षा जरा लांब, पुढच्या शब्दाचा हात धरायला निघालेली. हे भिमीचं अक्षर. तिचा विद्यार्थी जैतू, त्याला दिसत नाही. तो सांगतो आणि त्याची चुलतबहीण भिमी लिहिते. भिमी नववीपर्यंत शिकलेली, कारण लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला असावा असा नियम, आणि तो नियम टाइप करून कॉलेजच्या फलकावर लावला होता तो गिरजानेच. मग तिने वाचलं. ‘गिरजाबाय सांगतात ते आसं.’ त्याखाली उत्तर. तिने पान उलटलं. दुसरा प्रश्न, ‘गिरजाबाय सांगतात ते आसं.’ तिसरा, चौथा. प्रत्येक उत्तराच्या उंबऱ्यावर तिचं नाव, सांजेला पणती ठेवावी तसं ठेवलेलं. तिचं बोट त्या नावावर जाऊन थांबलं. तो आनंद होता हे तिला कळायच्या आत सर बोलू लागले होते.

“विशे मॅडम, उत्तरपत्रिकेत नाव, खूण, अगदी ‘श्री’सुद्धा लिहायचा नाही. पहिल्याच पानावर छापलंय. गैरमार्ग होतो तो.”

“छापलेलं जैतूला दिसत नाही, सर.”

“त्या मुलीला तर दिसतं ना?” सर हसले. हसूनच बोलायची त्यांची पद्धत होती. समोरच्याला आपण भांडखोर आहोत असं वाटत राही. “आणि नाव कुणाचं, तर पेपर तपासणाऱ्या बाईंचं. मी समजून घेईन हो. पण संस्थेच्या महिपतरावांना कोण समजावणार? दुपारी समिती बसवलीय. तुम्हीही या वर. खरं म्हणजे यावंच लागेल तुम्हाला.”

वर म्हणजे जिना. कॉलेजला रॅम्प होता, गिरजाने तीन प्राचार्यांच्या, शेवटी शेखर सरांच्या, मागे लागून करून घेतलेला, पण तो तळमजल्यावर यायला होता आणि त्यावर आता शेवंतीच्या कुंड्या ठेवल्या होत्या, पाहुण्यांना दारातच बऱ्या दिसतात म्हणून. समितीची खोली वरच्या मजल्यावर. तिने कठड्याला हात घातला, कॅलिपरचा पाय आधी पायरीवर टाकला, मग चांगला. लोखंडाचा आवाज जिन्यात घुमला. हा आवाज मुरबाडच्या त्या कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होता. पोरं म्हणायची, विशे मॅडम आल्या, पंच्याण्णवचा कायदा आला. त्या सालच्या कायद्याने अपंगांना हक्क दिले, आणि तिला विषय दिला. तिच्या अंगालाच तो विषय होता म्हणा. सापगावात ती लहान असताना ताप आला आणि लोक म्हणाले, पोरीला वारं लागलं. आई भागीरथी भात कांडताना तिला समोर बसवायची आणि मुसळाच्या ठेक्यावर म्हणायची,

लेक माझी गिरजा गो, पाय तिचा नाजूक,
भागीरथी म्हणे, हिच्या जिभेला चाबूक.

शेवटच्या ओळीत आपलं नाव घालायची आई. का घालतेस, असं गिरजाने एकदा विचारलं होतं. आई म्हणाली, “मंग काय वाऱ्यावर सोडू? दुसरी कोनी म्हनली तर तिला कळाया नको का, कुनाच्या पोटातून आलंय ते?” सापगाव ते शहापूर, शहापूर ते ठाणे, वकिली नको म्हणून शिक्षकी, शिक्षकी करता करता प्रबंध. जिभेचा चाबूक किती वेळा उचलला आणि किती वेळा पुन्हा खुंटीला लावला, याचा हिशोब तिने ठेवला नव्हता. ठेवला असता तर जिना चढवला नसता.

वरच्या गॅलरीत जैतू आणि भिमी भिंतीला टेकून बसले होते. शेणव्याच्या पुढे, डोंगराच्या पोटाला चिकटलेल्या वाडीतून आलेले. लोखंडाचा आवाज ऐकून जैतू उठला. उंच, सडपातळ, पांढरा सदरा, मान नेहमी जरा डावीकडे, कानाने पाहायची सवय.

“बाय, आमचं काय चुकलंय?” त्याने विचारलं. “भिमी म्हनते, तिचं अक्षर वंगाळ म्हनून बोलावलंय.”

“माझं नाय वंगाळ,” भिमी पुटपुटली. “याचीच जीभ लांब. म्हनलं, नाव कशाला लिवायचं? तर म्हनतो, तुला काय कळतंय, लिव.”

गिरजाने कठड्याला पाठ टेकली. तिला कॅसेटी आठवत होत्या. डोळ्यांनी न दिसणाऱ्या मुलांसाठी तिने घरी टेपरेकॉर्डरवर सगळा कायदा, जोडीला आपल्या प्रबंधातली उदाहरणं, वाचून भरला होता, शहापूरच्या तिच्या दोन खोल्यांत, सुट्टीच्या दिवसांत, खिडकी लावून, तरी बाहेरचा कोंबडा आत यायचाच. तिला वाटलं होतं, मुलं ऐकतील, अर्थ धरतील, आपल्या शब्दांत लिहितील. आपल्या शब्दांत, हे वर्गात ती किती वेळा म्हणत आली होती. जैतूने ते तसं धरलंच नाही. त्याचा बाप वाडीतला गाणी सांगणारा. लग्नात, सणाला रात्रभर गाणी सांगायचा, आणि प्रत्येक गाण्याच्या आधी ते कुणाकडून आलं त्याचं नाव. हे देवजीचं. हे खर्डीकडच्या एका म्हातारीचं, तिच्या आईचं. मग गाणं, आणि त्यात एक शब्दही इकडचा तिकडे नाही. जैतूने कायदा तसाच घेतला. पाठ नव्हे, पाठ करणारी मुलं गिरजाने पुष्कळ पाहिली होती, ती घोकतात आणि अडखळली की पहिल्यापासून सुरू करतात. जैतू कुठूनही धरायचा आणि तिथून पुढे जायचा. शब्द बदलला तर माणसाचा अपमान, आणि नाव गाळलं तर चोरी. एवढे दोनच नियम. आणि त्याच दोन नियमांवर आपण प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण खर्ची घातलंय, तळटीपा, संदर्भसूची, अवतरणचिन्हं, हे तिला त्या गॅलरीत उभ्या उभ्या जाणवलं आणि हसू आलं. ते हसू चांगलं नव्हतं.

कारण प्रबंध म्हटला की शेखर सरांचं पुस्तक आलंच. ते तिचे मार्गदर्शक होते. प्रबंध झाला, पदवी मिळाली, सरांनी घरी बोलावून पेढे दिले, आणि काही वर्षांनी त्यांचं पुस्तक आलं; जाड, निळ्या पुठ्ठ्याचं. कॉलेजात प्रकाशन झालं तेव्हा गिरजा पहिल्या रांगेत होती. तिने सहज मधलं पान उघडलं आणि तिथे धाऊ होती. म्हणजे धाऊ नव्हती. धाऊ ही आठवडी बाजारात रानभाज्या विकणारी बाई, दोन्ही पायांनी गेलेली, हातांवर सरकत येणारी. बाजाराला विकणाऱ्यांसाठी ओटा बांधला होता आणि धाऊ ओट्याच्या खाली, चिखलात बसायची. गिरजाने प्रबंधात लिहिलं होतं: ओट्यावर बसायला धाऊला कुणी मनाई केलेली नाही, ओट्याला फक्त पायरी नाही, आणि जिथे पायरी नाही तिथे मनाई बोलून दाखवायची गरजच उरत नाही. तिने धाऊला विचारून तिचं नाव घातलं होतं. धाऊ म्हणाली होती, “घाल. कागदावर तरी वर बसन.” सरांच्या पुस्तकात ओटा होता, चिखल होता, पायरी नव्हती ती होती, वाक्यं तीच होती, स्वल्पविरामसुद्धा, फक्त धाऊच्या जागी ‘एक अपंग स्त्री’. आणि गिरजाच्या जागी कुणीच नाही. प्रस्तावनेत सर्व सहकाऱ्यांचे आभार होते. त्या दिवशी ती टाळ्या वाजवत होती, हे तिला आठवतं. हात आपले वाजत होते. पुढे शैक्षणिक सचोटी या विषयावर कॉलेजने चर्चासत्र घेतलं, उद्‌घाटनाचं भाषण सरांचं, आणि त्याचा मसुदा सरांनी तिच्याकडूनच लिहून घेतला, “तुमची भाषा चांगली आहे” म्हणून. तोही तिने दिला. नोकरी कायम व्हायची होती, मग वरची श्रेणी लागायची होती, मग रॅम्प व्हायचा होता, मग दृष्टिहीन मुलांना प्रवेश द्यायचा होता. दर वेळी काहीतरी व्हायचंच असे, आणि ते सरांच्या सहीने व्हायचं असे. एखादी जखम भरली नाही तर निदान सवयीची होते. तिची सवयीचीसुद्धा झाली नव्हती. ती फक्त चालताना त्या पायावर भार देत नसे.

शिपायाने आत बोलावलं. खोलीत शेखर सर आणि संस्थेचे चिटणीस महिपतराव. महिपतराव जुने, जमीनजुमल्याचे, कॉलेजला जागा दिलेल्या घराण्यातले; कायद्यातलं त्यांना काही कळत नसे आणि ते तसं मोकळेपणाने सांगत.

“बस रे बाबा,” ते जैतूला म्हणाले. “खुर्ची तुझ्या उजव्या हाताला हाय. आता मला सांग, हे काय लिवलंय? ‘अपंग व्यक्तीस संधी नाकारणे म्हणजे, थांबा हां, दूध बघते.’ हे कुठलं कलम?”

सर मान मागे टाकून हसले. भिमीने तोंडाला ओढणी लावली. गिरजालाही आठवलं, दूध उतू गेलं होतं आणि टेप चालूच राहिला होता.

“ते बायच्या कॅसेटीत हाय,” जैतू शांतपणे म्हणाला. “मला वाटलं ते कायद्यात नसंल. पन बाय तितं थांबल्या, म्हनून मीबी थांबलो. आपल्या मनानं कसं गाळू?”

“म्हणजे सगळी पोपटपंची,” सर म्हणाले.

“पोपट नाय, सर. मला अर्थ इचारा.”

“अर्थ नंतर. हे नाव का लिहिलं? मॅडमनी सांगितलं?”

“नाय. आमच्यात ज्याचं गानं त्याचं नाव आदी घेतात. नाव नाय घेतलं तर लोक उठवतात. म्हनतात, चोराचं गानं नको आमाला.”

गिरजाने सरांकडे पाहिलं. ती बरीच वर्षं या क्षणाची वाट पाहत होती असं नाही. पण क्षण आला तेव्हा तिला तो ओळखीचा वाटला. तिच्या जिभेवर वाक्य तयार होतं. सर, तुमच्या निळ्या पुस्तकाचं मधलं पान आपण आत्ता इथे उघडू या का. एवढंच. सरांचे डोळे तिच्या डोळ्यांना भिडले आणि तिला दिसलं, त्यांना ते वाक्य ऐकू आलंय.

“विचार मोठा आहे,” सर सावकाश म्हणाले. “पण ज्ञान काय कुणाच्या मालकीचं असतं का, मॅडम? ते वाहतं. त्याला नाव कशाला लागतं?” मग आवाज बदलून, जणू कागदावरून वाचत, “नियमाने दोन वर्षांची बंदी होते. लेखनिक मुलीवरही ठपका येतो. पण आपलं कॉलेज समावेशनाचं म्हणून ओळखलं जातं, ते तुमच्यामुळेच. मी मध्यम मार्ग काढतो. मुलाने लिहून द्यावं की नाव घालणं ही चूक झाली. आणि एक उत्तर आमच्यासमोर तोंडी द्यावं, नावाशिवाय. मग या ओळी खोडून पेपर ग्राह्य धरू. तुम्ही समजवा त्याला. तुमचं तो ऐकेल.”

दोन वर्षं. ती दोघांना घेऊन गॅलरीत येऊन उभी राहिली तेव्हा खाली शेतांत कापणी झालेल्या भाताच्या जागी वाल लागला होता, पांढऱ्या फुलांचा, आणि ऊन सौम्य होतं. दोन वर्षांत भिमीचं लग्न होईल. मग जैतूच्या शेजारी बसून कोण लिहिणार? वाडीच्या डोंगरातल्या वनजमिनीच्या प्लॉटांच्या केसी तालुक्याला लोंबकळत होत्या. वाडीतले म्हातारे जैतूला आत्ताच ‘आमचा वकील’ म्हणत, आणि तो वकील झाला तर एकदा तरी कुणीतरी त्यांच्या बाजूने, त्यांच्यातला, उभा राहणार होता. ती जर आत जाऊन ते वाक्य बोलली तर तिचं वाक्य खरं ठरेल आणि पोराची दोन वर्षं जातील, सर तेवढे हुशार होते. तिने मनात तराजू धरला आणि तिला स्वतःचीच शंका आली. हा तराजू तिने याआधीही धरला होता. दर वेळी दुसऱ्या पारड्यात कुणीतरी गरीब, कुणीतरी हक्काचा माणूस होताच, आणि दर वेळी तिचं गप्प बसणं त्याच्याच भल्याचं ठरलं होतं. या खेपेला तो माणूस समोर मान कलती करून उभा होता, एवढाच फरक.

“जैतू,” ती म्हणाली, “माझं नाव काढ.”

तो हसला. “काढतोयच की, बाय. वाडीत समदे म्हनतात, जैतू त्या बायचं नाव काढल बघा.”

“तसं नाही रे. काढून टाक. उत्तरातून. नाव न घेता सांग.”

हसू त्याच्या चेहऱ्यावरून एकदम गेलं नाही. हळूहळू गेलं, पाणी मुरावं तसं. दिसणारी माणसं चेहरा झाकायला शिकतात. त्याला ते कुणी शिकवलं नव्हतं.

“मंग ते कुनाचं?”

“कुणाचं नाही. उत्तर आहे. तुझं.”

“माजं कसं? मी त्या बाजारात व्हतो का?” तो थांबला. “धाऊचंबी नाव काढू?”

भिमी तिच्याकडे पाहत होती. खाली कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं आणि ती लागत नव्हती. परत, परत. गिरजाला वाटलं, ती लागेपर्यंत आपल्याला बोलावं लागणार नाही. मग ती लागली.

“धाऊचंही,” ती म्हणाली. “परीक्षेत व्यक्तीचं नाव नको. एक अपंग स्त्री, असं म्हण.”

“एक अपंग स्त्री,” जैतूने जिभेवर घोळवून पाहिलं, कोरड्या भाकरीचा तुकडा घोळवावा तसं. “तिला कोन वळखंल?”

“ओळखायला नकोच आहे.”

“तुमी सांगताय म्हनून म्हनतो, बाय.”

“हो. मी सांगते म्हणून.”

आत गेल्यावर तो पहिल्यांदा अडखळला. तोंड उघडलं, ओठ ‘गि’च्या आकाराला गेले आणि तिथून माघारी आले. महिपतराव म्हणाले, “घाबरू नको, बोल.” त्याने पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा अडला, ज्या दारातून तो रोज आत शिरत होता ते दारच नव्हतं. सर घड्याळाकडे पाहू लागले. मग त्याने डावीकडे कललेली मान सरळ केली, आणि बोलला. ओट्यावर बसायला एका अपंग स्त्रीला कुणी मनाई केलेली नाही. शब्द तिचे, थांबे तिचे, दुधाचा तेवढा गाळलेला. आवाज मात्र सपाट, सारवलेल्या अंगणासारखा, पाऊल उमटू न देणारा. गिरजा ऐकत होती आणि तिला ते प्रबंधातलं वाटत नव्हतं, कॅसेटीतलंही नाही. ते पुस्तकातलं वाटत होतं. निळ्या पुठ्ठ्याच्या.

“वा,” महिपतराव मनापासून म्हणाले. “पोरगा वकील होनार.”

“बघा मॅडम,” सर म्हणाले, “नावावाचून काही अडलं?”

भिमीने माफीचा मजकूर लिहिला, सर सांगतील तसा, जैतूने अंगठा केला. गिरजाने साक्षीदार म्हणून सही केली. आज तिचं नाव लागणारा कागद तेवढा तो एकच. सरांनी तिच्यासमोर तांबडी शाई घेऊन प्रत्येक उत्तराच्या डोक्यावरची ओळ खोडली, पट्टी लावून, नीट, आणि खोडताना ‘तुमचं सहकार्य नेहमीच मोलाचं’ असं काहीसं म्हणाले.

एसटी स्टँडवर ती त्यांच्याबरोबर आली. यायचं कारण नव्हतं. तिला पुढे तास होता. कदाचित जैतू रागावेल, काही बोलेल, अशी तिला आशा होती. बाकावर तिघं बसली. भिमीने शेंगांची पुडी सोडली आणि आधी तिच्यापुढे धरली. शेणव्याकडे जाणारी गाडी उशिरा होती. जैतूने तिच्या बाजूला मान कलती केली.

“बाय, एक इचारू?”

“विचार.”

“आता हे मी कुटंबी बोललो तर चालंल? कोरटात, सभेत? तुमचं नाव न घेता?”

“चालेल.”

“कोनी उठवनार नाय?”

“नाही. कुणी उठवणार नाही.”

“धाऊचं न घेता?”

“न घेता.”

तो विचार करत राहिला. बापाची सगळी गाणी, त्यांच्या आधीची सगळी नावं, मागे मागे जाणारी रांग, तो एकेकाशी बोलत असावा असे त्याचे ओठ हलत होते. मग चेहरा सैल झाला. डोक्यावरची मोळी खाली टाकलेल्या माणसाचा होतो तसा हलका, मोकळा, थोडा खुशीतसुद्धा.

“मंग सोपंच हाय की,” जैतू म्हणाला, आणि पुडीतल्या शेंगांसाठी हात पुढे केला.